ताल्येसिनची कविता हा पुनर्जन्माचा पुरावा नाही

‘मी तलवार होतो, ताऱ्यांचा उजेड होतो, पूल होतो’ अशा ओळी देऊन एक मजकूर सध्या फिरतो आहे: सहाव्या शतकातला वेल्श कवी ताल्येसिन ड्रुइड (प्राचीन केल्टिक लोकांचा पुरोहित) होता, पुनर्जन्म मानायचा आणि हा विचार मूळचा वैदिक. यात कवीच्या शतकापलीकडे फारसं काही टिकत नाही.

सहाव्या शतकातला ताल्येसिन होता राजाचा स्तुतिपाठक. उत्तर ब्रिटनमधल्या रेगेड राज्याचा राजा उरिएन याच्या लढायांचं आणि औदार्याचं गुणगान त्याच्या नावावर आहे, आणि त्याच्या नावावरच्या साधारण 12 कवितांनाच अभ्यासक त्या काळच्या असू शकतील असं मानतात. वरच्या ओळी ‘कॅड गोथे’ या झाडांच्या लढाईच्या कवितेतल्या. तिचं हस्तलिखित चौदाव्या शतकातलं असून वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. कवी तिथे अक्षरांमधला शब्द आणि पुस्तकही होतो. आता पुस्तकाचा जन्म कोण घेतं? ही सर्वज्ञ कवीची फुशारकी आहे, आणि ती मस्त आहे.

केरिद्वेन या जादूगारणीने धान्याचा दाणा झालेल्या ग्विऑन या मुलाला गिळलं आणि त्यालाच ताल्येसिन म्हणून पुन्हा जन्म दिला, ती गद्य कथा तर सोळाव्या शतकात लिहिली गेली. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो या ड्रुइडांच्या समजुतीबद्दल सीझरने लिहिलंय खरं, पण ते गॉलबद्दल (आजचा फ्रान्स आणि आसपासचा भाग), आणि ताल्येसिनच्या सहाशे वर्षं आधी.