पायाची नस जोडली म्हणजे सगळं पूर्ववत होत नाही

"प्रोस्टेटचा कॅन्सर झाला तरी घाबरू नका. पायाची नस जोडली की पुरुषत्व महिनाभरात परत. रेडिएशननंतरही चालतं. मग ऑपरेशनमध्ये नसा वाचवायचा हट्ट कशाला?" हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर माझ्या काकांनी मला पाठवला, त्यांच्या ऑपरेशनच्या आठच दिवस आधी.

शस्त्रक्रिया खरी आहे. प्रोस्टेट काढताना लिंगाला ताठरता देणारे मज्जातंतू गेलेल्यांसाठी ती आहे. मेलबर्नच्या सर्जननी पोटरीतल्या सुरल मज्जातंतूचा तुकडा मांडीच्या फेमोरल मज्जातंतूपासून लिंगातल्या स्पंजासारख्या भागापर्यंत जोडला. २०१९मध्ये त्यांनी १७ रुग्णांचे निकाल दिले: वर्षभराने सुमारे ७१ टक्के जणांना समाधानकारक संबंध ठेवता आले. आशा वाटावी असंच हे आहे. पण रुग्ण थोडे, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. ह्यूस्टनमध्ये प्रोस्टेट काढतानाच एका बाजूला सुरलचा तुकडा जोडण्याची जुनी पद्धत तुलनेचा गट ठेवून तपासली, तेव्हा फारसा फायदा दिसला नव्हता.

"महिनाभरात" हा गोंधळ 'नस' या शब्दामुळे होतो. बायपासमध्ये पायातली रक्तवाहिनी जोडली की लगेच रक्त वाहू लागतं. मज्जातंतूचं तसं नसतं. जोडलेला तुकडा म्हणजे नुसता मांडव; वेलीसारखे नवे तंतू त्याच्या आधाराने दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकतात. म्हणजे महिने, कधी वर्षाहून जास्त. शिवाय पावलाची बाहेरची कड बधिर होते, ते मजकुरात नाहीच.

रेडिएशनने रक्तवाहिन्याही हळूहळू खराब होतात, हार्मोनच्या इंजेक्शनांनी इच्छाच मंदावते. नवा मज्जातंतू यातलं काहीच दुरुस्त करत नाही.

मजकुरातल्या शेवटच्या वाक्याचा, नसा वाचवायचा हट्ट कशाला याचा, मला खरा राग आहे. ताठरता देणारे हे तंतू प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना चिकटून जातात. नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉ. डोंकर यांच्यासोबत अमेरिकी सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी त्यांचा माग काढला आणि १९८२मध्ये बाल्टिमोरला ते जपून ऑपरेशन केलं. त्याआधी नपुंसकत्व जवळजवळ ठरलेलंच असायचं. गाठ तिथवर पोचली असेल तर तंतू काढावेच लागतात, जीव आधी. पण पोचली नसताना, पुढे जोडता येतील म्हणून ते सोडून देणं हा रुग्णावर अन्याय आहे. दोन्हीकडचे तंतू गेले तर सिल्डेनाफिलसारख्या (व्हायग्रा) गोळ्याही बहुधा चालत नाहीत. मग लिंगात घ्यायचं इंजेक्शन, व्हॅक्यूम पंप किंवा लिंगात बसवायचं इम्प्लांट उरतं.

काकांना मी कागदावर लिहून दिलं: "एमआरआयमध्ये गाठ कुठवर दिसते? कोणत्या बाजूचे तंतू वाचतील? माझं वय आणि शुगर पाहता किती आशा धरू?" हे विचारताना काकूंनाही सोबत न्या, असंही सांगितलं.