आयएसओ १०० चा हट्ट आणि हललेले चेहरे

‘फ्लॅश न वापरता अंधारात स्वच्छ फोटो हवा असेल, तर आयएसओ १०० च्या वर नेऊच नका. ट्रायपॉड लावा. फोटो काळा आला तर नंतर उजळून घ्या.’ हा सल्ला सारखा पुढे ढकलला जातो. आयएसओ म्हणजे मिळालेला उजेड कॅमेरा किती उजळ करून दाखवतो, त्याचा आकडा.

आयएसओ वाढला की फोटोत दाणे येतात, हा त्यातला मूळ समज. दाणे येतात ते मुख्यतः सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपवर, उजेड कमी पडल्यामुळे. आयएसओचा आकडा फिरवून तो उजेड कमी-जास्त होत नाही. आकडा वाढवल्यावर आपण शटरचा वेळ (सेन्सरवर उजेड पडू देण्याचा अवधी) कमी करतो, तिथे उजेड घटतो आणि शिव्या मात्र आयएसओला बसतात.

एका दिव्याच्या खोलीत आयएसओ १०० ला पाव सेकंद लागत असेल, तर १६०० ला तेवढाच उजळ फोटो साधारण १/६० सेकंदात निघतो. पाव सेकंदात बोलणाऱ्याचे ओठ हलतात, पापणी लवते, हात पुसट होतो. दाणे सॉफ्टवेअरने बरेच कमी होतात. हललेला चेहरा परत जागेवर आणणं फार अवघड. मी तरी दाणेदार फोटो ठेवतो आणि हललेला पुसतो.

ट्रायपॉडचं म्हणणं अर्धं बरोबर. इमारत, मूर्ती, टेबलावरची वस्तू असेल तर जरूर लावा, आयएसओ १०० च ठेवा आणि बटण दाबतानाचा धक्का टाळायला २ सेकंदांचा टायमर वापरा. पण ट्रायपॉड कॅमेरा धरून ठेवतो, माणसाला नाही. लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनचंही (हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीचंही) तेच.

‘नंतर उजळून घ्या’ यात तर फायदाच नाही. उजेड तितकाच नोंदलेला असतो. वर कॅमेऱ्याच्या सर्किटचा स्वतःचा गोंगाटही फोटोबरोबर उजळतो. काही नव्या सेन्सरवर फरक जेमतेम दिसतो, जुन्यांवर सावल्यांत पट्टे उमटतात. जेपेगमध्ये (नेहमीच्या आकसलेल्या फोटो-फाइलमध्ये) हा प्रयोग करूच नका, निदान रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा.

गंमत म्हणजे सल्ल्यात अॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या उजेड आत घेणाऱ्या छिद्राचा, उल्लेखही नाही! एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं. एफ/३.५ वरून एफ/१.८ वर गेलात तर उजेड जवळजवळ चौपट. मात्र फोकसची पट्टी (जेवढ्या अंतरातलं स्पष्ट दिसतं ती) अरुंद होते, तेव्हा जवळच्या डोळ्यावर नेम धरा.

मी आधी शटर ठरवतो: बसलेल्या माणसाला १/६० ते १/१२५ सेकंद, पळणाऱ्या मुलाला १/२५० किंवा त्याहून वेगवान. मग अॅपर्चर उघडतो. उरलेला हिशोब ऑटो आयएसओकडे, म्हणजे आकडा कॅमेराच निवडतो.