‘तपासणी तर सगळ्यांची सारखीच होती’ या प्रतिक्रियेला उत्तर

सक्तीच्या भरतीत मजुरांच्या पोरांवर अन्याय झाला, या माझ्या म्हणण्यावर तुमचे आक्षेप तीन. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत वैद्यकीय तपासणी सगळ्यांचीच व्हायची, मजुरांची पोरं काटक म्हणून जास्त गेली. तिकडे गेलेल्यांत दोन तृतीयांश स्वेच्छेने भरती झालेले होते. आणि १९६९ नंतर तर चिठ्ठ्याच टाकल्या, मग अन्याय कसला?

स्वेच्छेचा आकडा बरोबर आहे. पण ‘१-ए’ म्हणजे भरतीस पात्र असा वर्ग पडला की बोलावणं येणारच, हे पोराला कळायचं. बोलावण्याची वाट पाहिली तर दोन वर्षं, पण बहुधा पायदळ. आधीच जाऊन तीन वर्षांसाठी सही केली, तर निदान कामाचं प्रशिक्षण निवडता येई. ही स्वेच्छा म्हणायची तर म्हणा.

खरी गंमत तपासणीत आहे. आपल्या डोळ्यांसमोर इथला भरती मेळावा असतो: पोरगं १६०० मीटर पळतं, छाती फुगवतं, दुखणं असलं तर लपवतं. तिथे सगळं उलटं. समोरच्याला सुटायचंय हे डॉक्टर धरूनच चालायचा, त्यामुळे तोंडी सांगण्याला किंमत नाही. हाती दुखण्यांची छापील यादी यायची, तिच्यावर स्वतःच ‘हो’-‘नाही’च्या खुणा करायच्या. पाठदुखी, अडकणारा गुडघा, असं बरंच काही. मग चड्डीवर रांगेत: रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, डोळे, कान. शेवटी ‘हो’च्या खुणेवर बोट ठेवून प्रश्न: उपचार कुणाकडे घेतले? कागद आहे?

फाउंड्रीत दोन वर्षं साचे उचललेल्या पोराची कंबर खरोखर गेलेली असते, पण स्नायूंचं दुखणं एक्स-रेत दिसत नाही. तेल चोळून, पट्टा आवळून तो दुसऱ्या दिवशी पाळीला हजर, त्यामुळे नोंद कुठेच नाही. शेरा: फिट. तशाच कंबरेसाठी दुसऱ्याकडे अस्थिरोगतज्ज्ञाचं पत्र, तारखांसह उपचार आणि फिल्म. त्याला ‘४-एफ’ (सेवेस अपात्र) नाहीतर ‘१-वाय’ (फक्त युद्ध किंवा आणीबाणी जाहीर झाली तरच घ्यायचा). दातांना तारा लावलेल्यांचीही भरती टळायची. त्या काळी तारा कुणाच्या बापाला परवडायच्या?

शिक्षणाच्या ‘२-एस’ सवलतीचीही तीच तऱ्हा. अट पूर्णवेळ शिकण्याची, आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा पाव हिस्सा दरवर्षी पुरा झालाच पाहिजे. दिवसा कारखान्यात राबून संध्याकाळी दोन विषय शिकणारा त्यात बसतच नाही.

घर उघड्यावर पडणार असेल तर ‘३-ए’ सवलत मिळे, हे मान्य. पण तीही पुराव्यावर, आणि कुणाला बोलवायचं हे ठरवणाऱ्या स्थानिक भरती मंडळापुढे वकील उभा करायची परवानगी नव्हती. फाइल नीट लावायची अक्कल घरातच असावी लागे.

‘काटक’ म्हणता, तर तेही तपासू. लेखी चाचणीत नापास होणारी, बहुतेक गरीब घरांतली मुलं आधी सुटत असत. ऑक्टोबर १९६६ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारांनी निकषच खाली आणले आणि १९७१ पर्यंत साडेतीन लाखांच्या आसपास माणसं त्या वाटेने आत घेतली. त्यांना निवडलं ते काटक म्हणून नव्हे.

राहिल्या चिठ्ठ्या. १ डिसेंबर १९६९ ला निळ्या प्लास्टिकच्या ३६६ कुप्यांतून जन्मतारखा काढल्या; ज्या क्रमाने निघाल्या, त्या क्रमाने बोलावणं. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या तारखेला जन्मलेला फाउंड्रीतला आणि कॉलेजातला, दोघांचा नंबर एक. पण ‘२-एस’ चिठ्ठ्यांनंतरही चालूच राहिली. नव्या विद्यार्थ्यांसाठी ती बंद झाली १९७१ मध्ये. तोवर कॉलेजातल्याला पदवी हातात पडेपर्यंत बोलावणं नव्हतं. फाउंड्रीतल्याला ते १९७० उजाडताच गेलं.