डेव्हिड बार्कलेवरचा आरोप चुकीच्या खात्यावर

ब्रिटिश बँका आणि गुलामगिरी हा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे येतो. थोडक्यात तो असा: ‘बार्कलेज बँक क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घराण्यातल्या डेव्हिड आणि अलेक्झांडर बार्कले या दोघांनी स्थापन केली. १७५६ मध्ये हे दोघे गुलामांचा व्यापार करत होते. डेव्हिडचा जमैकात मोठा मळा होता. गुलामगिरी जाणार असं दिसू लागल्यावर त्याने आपले गुलाम सोडले, वर सरकारकडून भरपाई घेतली आणि दानशूर म्हणून नाव कमावलं.’

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे. तरीही डेव्हिड बार्कले निर्दोष सुटत नाही. त्याच्यावर ठेवण्यासारखा एक खरा आरोप आहे, पण तो या मजकुरात कुठेच नाही.

स्थापनेचा मुद्दा लवकर संपणारा आहे. लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवर १६९० मध्ये जॉन फ्रीम आणि थॉमस गुल्ड या दोन क्वेकर सोनारांनी पेढी सुरू केली. सोनाराकडे तिजोरी असायची, लोक पैसे ठेवायला यायचे, त्यातून सावकारी वाढली. बार्कले हे नाव पेढीला लागलं ते १७३६ मध्ये, फ्रीमचा जावई जेम्स बार्कले भागीदार झाला तेव्हा. डेव्हिड हा जेम्सचा सावत्र भाऊ, जन्म १७२९ चा. म्हणजे पेढी निघाली तेव्हा त्याच्या जन्माला एकोणचाळीस वर्षं अवकाश होता. त्याने निम्मं आयुष्य बापाच्या कापडाच्या व्यापारात काढलं आणि बँकेत खरं लक्ष घातलं ते अमेरिकेतल्या युद्धाने तो व्यापार मोडल्यावर. आज ज्या कंपनीला आपण बार्कलेज म्हणतो ती तर १८९६ मध्ये वीस खासगी पेढ्या एकत्र येऊन झाली.

आता १७५६. हे साल आलं कुठून? एरिक विल्यम्स यांच्या १९४४ च्या ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ या ग्रंथातून. विल्यम्स पुढे त्रिनिदाद आणि टोबॅगोचे पंतप्रधान झाले. ब्रिटनच्या भांडवलाचा गुलामांच्या घामाशी असलेला संबंध त्यांनी ज्या ताकदीने मांडला, त्याला तोड नाही. त्या मांडणीशी माझं भांडण नाही. पण बार्कले घराण्यावर त्यांनी जेमतेम एक परिच्छेद खर्च केला, आणि नेमका तोच पुढे फिरत राहिला.

आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या कंपनीत १७५६ मध्ये ८४ क्वेकर सभासद होते, त्यात बार्कले आणि बेअरिंग ही घराणी होती, असं विल्यम्स सांगतात. बेअरिंग मुळात क्वेकर नव्हतेच, ते ब्रेमेनहून आलेलं जर्मन ल्युथरन घराणं. एवढ्याने सगळी यादी खोटी ठरत नाही, पण ती पडताळून घ्यायला हवी होती हे खरं.

महत्त्वाचा प्रश्न हा की त्या कंपनीत नाव असण्याचा अर्थ काय. ही कंपनी १७५० च्या कायद्याने, जुन्या रॉयल आफ्रिकन कंपनीच्या जागी उभी राहिली. चाळीस शिलिंग भरले की कुठलाही व्यापारी सभासद होऊ शकत असे. बदल्यात त्याला पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे किल्ले सांभाळणारी समिती निवडायला मत मिळे. कंपनीला स्वतःच्या नावाने व्यापार करायला बंदी होती. म्हणजे यादीतल्या नावावरून एवढंच कळतं की या माणसाला आफ्रिकेच्या व्यापारात रस होता किंवा निदान मत हवं होतं. कुणाच्या जहाजातून किती माणसं नेली, हे त्यावरून कळत नाही. इथे मी बार्कलेंच्या बाजूने जास्त ओढणार नाही. त्या काळात त्या किनाऱ्याशी होणाऱ्या ब्रिटिश व्यापारात सर्वांत मोठा माल माणसंच होती, आणि चाळीस शिलिंग कुणी पुण्य मिळवायला भरत नव्हतं. पण संशयाला जागा असणं आणि ‘हे दोघे गुलामांचे व्यापारी होते’ असं ठाम लिहिणं यात अंतर आहे.

शिवाय १७५६ मध्ये लंडनच्या चीपसाइड भागात डेव्हिड बार्कले दोन होते. बाप १६८२ चा, १७६९ पर्यंत जगला. लिननचा बडा व्यापारी. त्याचं घर इतकं मोक्याचं की १७६१ मध्ये राजा तिसरा जॉर्ज लॉर्ड मेयरची मिरवणूक बघायला त्याच्या सज्जात येऊन बसला. मुलगा तेव्हा सत्तावीस वर्षांचा, बापाच्या हाताखाली. यादीतला डेव्हिड म्हणजे मुलगाच, हे कुणी दाखवलेलं मला तरी दिसलेलं नाही. आणखी पाच वर्षांनी, १७६१ मध्ये, लंडनच्या क्वेकर वार्षिक सभेने गुलामांच्या व्यापारात असलेल्याला पंथाबाहेर काढायचं ठरवलं. हा डेव्हिड मरेपर्यंत पंथात राहिला, नुसता राहिला नाही तर पुढाऱ्यांपैकी एक होता. हा पुरावा नव्हे, पण वजन टाकताना विसरण्यासारखाही नाही.

जमैकाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण दोन्ही बाजूंचे लोक तिथेच हात मारतात.

डेव्हिड आणि त्याचा भाऊ जॉन यांच्या हाती १७८५ च्या सुमाराला जमैकातली युनिटी व्हॅली पेन नावाची मालमत्ता आली. विकत घेतली नव्हती, वारशानेही आली नव्हती. कुणाला तरी दिलेलं कर्ज थकलं आणि कर्जापोटी ती गळ्यात पडली. विल्यम्स तिला ‘मोठा मळा’ म्हणतात. प्रत्यक्षात ते गुरं पाळण्याचं कुरण होतं. उसाच्या मळ्यांना चरकासाठी आणि गाड्यांसाठी बैल लागत, खायला मांस लागे, ते अशा ठिकाणांहून जाई. जमीन, गुरं आणि त्यांच्याबरोबर यादीत बत्तीस माणसं. जमैकातला एखादा मोठा ऊसमळा दोनशे-तीनशे गुलामांचा असे, त्या मानाने हे लहान. अर्थात बत्तीस माणसांची मालकी ‘लहान’ म्हणताना जीभ अडखळते.

डेव्हिडने १८०१ मध्ये या माणसांच्या मुक्ततेची हकिकत स्वतः छापली. त्याच्या सांगण्याप्रमाणे दोघा भावांनी सुरुवातीलाच त्यांना सोडायचं ठरवलं होतं, पण जमैकातल्या मुखत्याराने अडचणी काढल्या आणि काम रेंगाळलं. पुढे जॉन वारला. शेवटी १७९५ मध्ये डेव्हिडने आपला माणूस, विल्यम होल्डन, तिकडे पाठवला. त्या बत्तिसांपैकी बहुतेकांना जहाजाने अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाला नेलं. तिथे बेंजामिन फ्रँकलिन शेवटच्या वर्षांत जिचा अध्यक्ष होता त्या गुलामगिरीविरोधी संस्थेने त्यांची जबाबदारी घेतली, कामं लावून दिली, लहानांना कारागिरांकडे धंदा शिकायला ठेवलं. डेव्हिडला या सगळ्याचा खर्च साधारण ३,००० पौंड आला.

‘बंदी येणार दिसल्यावर सोडले’ हे म्हणणं इथे टिकत नाही. १७९५ साल म्हणजे काय ते बघा. गुलामांच्या व्यापारावर बंदी मागणारा खासदार विल्बरफोर्सचा ठराव १७९१ मध्ये कॉमन्सने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, ८८ विरुद्ध १६३ मतांनी पाडला होता. १७९२ चा सौम्य ठराव उमरावांच्या सभेत अडकला. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटलं आणि सुधारणेची भाषा करणारा जो तो फ्रेंच क्रांतीचा हस्तक ठरू लागला, चळवळ थंडावली. दुसरीकडे सेंट-डोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, १७९१ पासून गुलामांचा उठाव चालू होता. तिथली साखर बाजारातून गेली आणि जमैकाच्या मळेवाल्यांना तेजी आली. नफ्याचा हिशेब करणाऱ्याने त्या वर्षी गुलाम ठेवले असते, नाहीतर चढ्या भावाने विकले असते. गुलामांच्या व्यापारावर बंदी यायला अजून बारा वर्षं होती, आणि गुलामगिरी रद्द करणारा कायदा व्हायला अडतीस.

भरपाईचा भाग तर निव्वळ कपोलकल्पित. मालकांना २ कोटी पौंड वाटणारा कायदा १८३३ चा. डेव्हिड बार्कले ३० मे १८०९ रोजी वॉल्थमस्टोला वारला.

इथवर आलं की बार्कलेंचे कैवारी खूश होतात आणि आपलं चित्र पुढे करतात: गुलाम ‘वारशाने’ आले, दयाळू बँकरने लगेच मोकळे केले, आणि तो गुलामगिरीविरोधी लढ्याचा सेनापती होता. हे चित्रही तितकंच बनावट. १७८५ ते १७९५ ही दहा वर्षं आहेत. मुखत्याराने अडवलं हे खरं मानलं तरी मुखत्यार नोकर होता, मालक लंडनला होता, आणि माणूस पाठवायचा मनावर घेतल्यावर तो एका खेपेत काम उरकून आला. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी १७७६ मध्येच ठरवून टाकलं होतं की गुलाम बाळगणाऱ्याला सभासद ठेवायचं नाही. डेव्हिडला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही, त्या शहराशी त्याचा रोजचा पत्रव्यवहार होता. त्या बत्तीस जणांना काय वाटलं, हेही आपल्याला त्याच्याच लेखणीतून कळतं. शेजारच्या मळ्यांवर त्यांची नातीगोती असतील तर ती तुटली, आणि उष्ण बेटावरून उचलून त्यांना बर्फाच्या गावात नेलं. जमैकात मोकळ्या केलेल्या माणसाला पुन्हा पकडलं जाण्याची भीती असे हे खरं, पण जायचं कुठे हे ठरवणारा पुन्हा मालकच होता.

सेनापतीचं म्हणाल तर २२ मे १७८७ ला गुलामांचा व्यापार थांबवण्यासाठी लंडनमध्ये जी समिती बसली, तिच्या बारा जणांपैकी नऊ क्वेकर होते. खजिनदार सॅम्युअल होअर हाही क्वेकर, तोही बँकर. डेव्हिड बार्कले त्या बारांत नाही.

मग तो होता कोण? पैसा आणि पंथ दोन्ही मनापासून मानणारा माणूस. आजोबा रॉबर्ट बार्कले म्हणजे क्वेकर मताचा सर्वांत मोठा पंडित. शपथ घ्यायची नाही म्हणून क्वेकरांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी नाही, सरकारी हुद्दा नाही. उरला व्यापार, त्यात त्यांनी शब्दाला पक्के म्हणून नाव कमावलं. १७७४-७५ च्या हिवाळ्यात डेव्हिड आणि त्याचा डॉक्टर मित्र जॉन फॉदरगिल यांनी फ्रँकलिनबरोबर बसून अमेरिकेशी युद्ध टाळण्याची खटपट केली, ती फसली. त्यात शांततेचं तत्त्व किती आणि अमेरिकेत अडकलेली उधारी किती, हे वेगळं काढता येणार नाही, आणि त्यालाही आलं असेल असं वाटत नाही. यॉर्कशरमधल्या अ‍ॅकवर्थला १७७९ मध्ये गरीब क्वेकर मुलांची शाळा निघाली तेव्हा फॉदरगिलच्या पाठीशी तो उभा होता. नातेवाइकांना जे द्यायचं ते मृत्युपत्रासाठी न ठेवता हयातीतच देऊन टाकायचा त्याचा शिरस्ता होता.

याच माणसाने १७८१ मध्ये इतर भागीदारांबरोबर लंडनच्या सदर्क भागातली अँकर ब्रूअरी हा बीअरचा कारखाना १,३५,००० पौंडांना घेतली. विक्री करणाऱ्यांत शब्दकोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन होता. आपण काही काहिली आणि पिंपं विकत नसून स्वप्नातही येणार नाही इतकं श्रीमंत होण्याची संधी विकतो आहोत, असं तो म्हणाला. क्वेकर असून बीअर कशी गाळतो म्हणून यावर नाक मुरडणारे भेटतात. त्या काळी क्वेकरांचा राग जिनसारख्या कडक दारूवर होता, बीअर हे घरोघरी जेवणाबरोबरचं पेय होतं. हा आक्षेप सोडून द्यावा.

खरा आरोप त्या कर्जात आहे. युनिटी व्हॅली पेन बार्कलेंच्या गळ्यात पडली, कारण लंडनमधून त्यांनी जमैकातल्या जमीनमालकाला उधारी दिली होती. उधारीला तारण लागतं, आणि जमैकात तारण म्हणजे जमीन, गुरं आणि माणसं. कर्ज वेळेवर फिटत राहिलं असतं तर ती बत्तीस माणसं बार्कलेंच्या वहीत कधी दिसलीही नसती, त्यांच्या कष्टातून व्याज तेवढं येत राहिलं असतं. अशी किती कर्जं फिटली असतील आणि त्यांच्या मागे किती माणसं होती, याची हकिकत कुणी छापली नाही. जहाज न बाळगता, चाबूक न उचलता, पंथाचा नियम न मोडता गुलामगिरीतून पैसा मिळवण्याची ही रीत होती. १७६१ चा ठराव तिला शिवतही नव्हता. डेव्हिड बार्कलेला जाब विचारायचा तर तो इथे. ‘गुलामविक्या’ म्हणून शिक्का मारला की हाच प्रश्न झाकला जातो, कारण मग ज्यांनी माणसं विकली नाहीत ते सगळे आपोआप स्वच्छ ठरतात.

ज्यांना बार्कलेज बँकेचा आणि गुलामांच्या व्यापाराचा थेट धागा हवा आहे, त्यांनी लंडन सोडून लिव्हरपूलला जावं. तिथे गुलामांच्या व्यापारात गब्बर झालेल्या आर्थर हेवूडची पेढी १७७३ मध्ये निघाली. १८८३ मध्ये ती बँक ऑफ लिव्हरपूलने घेतली, त्या बँकेने १९१८ मध्ये लंडनची मार्टिन्स बँक घेतली, आणि मार्टिन्स १९६९ मध्ये बार्कलेजमध्ये विलीन झाली. दुसरा धागा वेस्ट इंडीजमधला. मळेवाल्यांना भरपाईचे पैसे मिळाल्यावर, १८३६ मध्ये, तिथे व्यवहार करायला कलोनियल बँक निघाली, आणि १९२५ मध्ये तिच्यासह आणखी दोन बँका जोडून बार्कलेजची वसाहतींमधली शाखा उभी राहिली. दोन्ही धागे बार्कलेजपर्यंत पोचले तेव्हा डेव्हिडला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती.