खोली क्रमांक आणि आडनाव

लास व्हेगसच्या स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, माणसाचा खिसा हलका करण्याचे जे अधिकृत प्रकार आहेत, त्यांचा हिशेब उघड असतो. ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा जुगार कोष्टकाबरहुकूम खेळला आणि टेबलाचे नियम बरे असले, तर कॅसिनोचा वरचष्मा, म्हणजे लावलेल्या पैशांतला सरासरी त्याच्याकडे राहणारा हिस्सा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दोन शून्यांच्या रूलेटवर ५.२६ टक्के. हल्ली तीन शून्यांची चाकं आली आहेत, तिथे ७.६९. स्लॉट मशीनबद्दल तर नेवाडा राज्याचा नियमच आहे : आत पडलेल्या पैशांतला किमान ७५ टक्के हिस्सा खेळणाऱ्यांकडे परत जाईल, असंच गणित मशीनमध्ये बसवलेलं हवं. हॉटेलच्या खोलीतल्या वायफायने किती परत द्यावं, याबद्दल मात्र राज्याने मौन पाळलं आहे.

बरं, हे वायफाय फुकटही नाही. ते रिसॉर्ट फीमध्ये येतं. मोठ्या हॉटेलांत ही फी दर रात्री साधारण चाळीस ते पंचावन्न डॉलर, वर कर वेगळा. त्यात इंटरनेट, व्यायामशाळा आणि 'स्थानिक फोन मोफत'. व्हेगसला उतरलेला माणूस खोलीतल्या फोनवरून गावातल्या कुणाची ख्यालीखुशाली विचारणार आहे, हे ती यादी करणाऱ्यालाच ठाऊक. 'मला इंटरनेट नको, तेवढे पैसे कमी करा' म्हणून काही होत नाही. फी खोलीवर असते, वापरावर नाही. पूर्वी ती चेक-इनच्या काउंटरवर कळायची. १२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमामुळे एकूण रक्कम सुरुवातीलाच दाखवावी लागते. म्हणजे फी तेवढीच, फक्त धक्का आता घरबसल्या मिळतो.

हॉटेलवाल्यांना नेटवर्क जमतच नाही, असा समज करून घेऊ नका. मिनीबारच्या फळीत सेन्सर असतात. पाण्याची बाटली उचलून लेबल वाचून पुन्हा जागेवर ठेवलीत, तरी बिलात नोंद पडू शकते. खाली कॅसिनोत हजारो मशीन्स क्षणाक्षणाचा हिशेब वर पाठवत असतात. हॉटेलात बिनचूक चालणारं नेटवर्क आहे. ते आपल्यासाठी नाही, एवढंच.

आपल्या वाट्याला जे येतं त्याचं गणित असं. एमजीएम ग्रँडच्या मुख्य इमारतीत पाच हजारांवर खोल्या आहेत. व्हेनेशियन आणि पलाझो मिळून सात हजारांवर. पाच हजार खोल्या, खोलीत दोन माणसं, माणशी फोन, लॅपटॉप आणि घड्याळ धरलं, तर तीस हजार यंत्रं झाली. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्ककडून आकड्यांचा एक पत्ता मिळावा लागतो. घरगुती राउटरच्या नेहमीच्या मांडणीत असे २५४ पत्ते असतात. हॉटेलचा साठा अर्थातच कितीतरी मोठा असतो, पण एखादं भलंमोठं अधिवेशन एका दुपारी आत शिरलं की तोही आटतो. मग फोन वायफायला जोडलेला दिसतो, पट्ट्या भरलेल्या असतात आणि पान काही उघडत नाही. अशा वेळी वायफायच्या तपशिलात जाऊन पत्ता बघावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर हॉटेलने पत्ता दिलेलाच नाही. वाट बघून कंटाळलेल्या यंत्राने तो स्वतःच स्वतःला बहाल केला आहे. नेटवर्क 'विसरा', पाच मिनिटं थांबा, पुन्हा जोडा. दर वेळी नवा खासगी मॅक पत्ता (यंत्र नेटवर्कला आपली ओळख म्हणून सांगतं तो क्रमांक) काढून खटपट करू नका. तशाने प्रत्येक खेपेला आणखी एक पत्ता अडकतो, आणि टंचाई आपणच वाढवतो.

इमारतीचाही हातभार असतो. जुन्या मांडणीत वायफायचे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे सिग्नल फेकणारे डबे, कॉरिडॉरच्या छताला लावलेले असतात. तिथून सिग्नल खोलीत येताना आधी आगरोधक जाड दार लागतं, मग न्हाणीघराच्या फरशा, नळ आणि भिंतभर आरसा. पलीकडे पलंग, आणि त्याच्याही पलीकडे टेबल. परिणाम असा की खोलीतला सर्वांत सशक्त सिग्नल कमोडवर बसल्यावर मिळतो. महत्त्वाची व्हिडिओ मीटिंग असेल, तर पार्श्वभूमी पुसट करण्याची सोय आधी तपासून ठेवावी. मोबाइल डेटाचं नेमकं उलट. काचांवर ऊन अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो उन्हाबरोबर रेंजही अडवतो. तरीही जी काही येते ती खिडकीपाशीच. वरच्या मजल्यावर गेलं की रेंज सुधारेल, असं वाटत असेल तर तेही नाही, कारण टॉवरचे अँटेना रस्त्यावरच्या माणसांसाठी खाली झुकवलेले असतात. थोडक्यात, वायफाय दाराकडे, मोबाइल खिडकीकडे आणि कामाचं टेबल दोन्हींच्या मध्ये. नूतनीकरण झालेल्या खोल्यांत टेबलाखाली किंवा टीव्हीमागे भिंतीवरच छोटा ॲक्सेस पॉइंट बसवलेला असतो. बुकिंग करताना समुद्र-पर्वत कुठे दिसतात ते विचारू नये (तिथे समुद्र नाहीच), नूतनीकरण झालेला टॉवर कोणता ते विचारावं.

आता लॉगिनचं पान. हे कसं उगवतं ते समजून घेतलं की निम्मा रक्तदाब उतरतो. वायफायला जोडल्याबरोबर फोन गुपचूप एक ठरावीक पान मागतो. अँड्रॉइड गूगलकडून २०४ या रिकाम्या उत्तराची अपेक्षा करतो, आयफोन ॲपलच्या पानावर 'सक्सेस' हा शब्द शोधतो. हॉटेलचं गेटवे (बाहेरच्या इंटरनेटच्या वाटेवर बसवलेलं यंत्र) ती मागणी मध्येच अडवून आपलं पान पुढे करतं. उत्तर भलतंच आलं म्हणजे इथे लॉगिन आहे, हे फोन ओळखतो आणि छोटी खिडकी उघडतो. हा सगळा व्यवहार फसवणुकीवर आधारलेला आहे, आणि आपण बसवलेले सुरक्षेचे उपाय नेमके फसवणूक रोखण्यासाठीच असतात. व्हीपीएन (आपली सगळी ये-जा गुप्त करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारा मार्ग) चालू असेल तर तो इंटरनेटची वाट बघतो, इंटरनेट लॉगिनची वाट बघतं, आणि लॉगिनचं पान व्हीपीएन येऊ देत नाही. म्हणून आधी व्हीपीएन बंद. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा; अँड्रॉइडवर 'प्रायव्हेट डीएनएस' स्वयंचलितवर. लॅपटॉपवर हाताने डीएनएस टाकून ठेवला असेल तर तोही काढा. मग नेहमीची कुलूपवाली (https ने सुरू होणारी) पानं उघडत बसू नका, त्यांच्या जागी गेटवेला आपलं पान घुसवता येत नाही; नेव्हरएसएसएल डॉट कॉम हे मुद्दाम कुलपाविना ठेवलेलं पान मागा. तेही नाही आलं, तर वायफायच्या तपशिलात 'राउटर' म्हणून जो पत्ता दिसतो तोच ब्राउझरमध्ये टाका. काही ठिकाणी १.१.१.१ टाकल्यावरही पान उघडतं. सिस्को या नेटवर्क-यंत्रांच्या कंपनीच्या वायफाय कंट्रोलरमध्ये हा पत्ता लॉगिनसाठी वापरायची जुनी पद्धत होती. एप्रिल २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीने त्याच पत्त्यावर खरीखुरी डीएनएस सेवा काढली, आणि ती वापरणाऱ्यांना कळेना की आपण इंटरनेटवर पोचलोय की हॉटेलच्या तळघरात.

पान उघडलं की खोली क्रमांक आणि आडनाव विचारतं. खोली क्रमांक दारावर लिहिलेला असतो. आडनावाचं तसं नाही. गेटवे ते हॉटेलच्या आरक्षण-प्रणालीशी ताडून बघतं, आणि तिथे आपलं आडनाव काय आहे, हे आपल्या पूर्वजांनी नव्हे तर बुकिंग करणाऱ्याने ठरवलेलं असतं. पासपोर्टवरच्या दोन रकान्यांची अदलाबदल झालेली असते, एजंटने नाव-आडनाव एकत्र चिकटवलेलं असतं, किंवा खोली सहप्रवाशाच्या नावावर असते आणि प्रणाली दुसऱ्या माणसाचं अस्तित्वच मानत नाही. क्रमाने करून बघा : आडनाव, पहिलं नाव, बुकिंग करणाऱ्याचं आडनाव, मधल्या जागा आणि टिंबं न टाकता. आणि चेक-इन पुरतं होईपर्यंत काहीच चालत नाही, कारण प्रणालीच्या दृष्टीने खोली अजून रिकामी आहे. खोली बदलून घेतली, तर पुन्हा पहिल्यापासून.

यातून निभावलं नाही तर मदतीचा फोन. तो सहसा हॉटेलात वाजत नाही, वेगळ्या कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये वाजतो. पलीकडची व्यक्ती सौजन्याने मॅक पत्ता विचारते. हा बारा अंक-अक्षरांचा असतो. बहुतेक लोक इथे फोनच्या 'अबाउट' पानावरचा पत्ता वाचून दाखवतात, आणि पुढची वीस मिनिटं दोन्ही बाजू परस्परांच्या प्रामाणिकपणावर शंका घेतात. २०२० च्या आयओएस १४ पासून आयफोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा खासगी पत्ता सांगतो; अँड्रॉइडचंही तेच. हॉटेलला दिसतो तो हा खासगी पत्ता. त्या नेटवर्कच्या तपशिलात जो लिहिलेला आहे तोच वाचावा. आणि मुक्कामापुरता तो 'स्थिर' ठेवावा, नाहीतर तो बदलल्यावर हॉटेल आपल्याला ओळख दाखवत नाही.

टीव्हीवर फोनमधलं काही दाखवायचं असेल, तर आणखी एक भिंत. पाहुण्यांच्या नेटवर्कवर यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. हे योग्यच आहे, नाहीतर शेजारच्या खोलीतला मनुष्य आपल्या टीव्हीवर त्याच्या लग्नाचे फोटो लावेल. पण त्यामुळे आपलं क्रोमकास्ट (फोनमधलं टीव्हीवर दाखवणारं छोटं यंत्र) आणि आपला फोन एकाच टेबलावर असूनही परके राहतात. शिवाय जुन्या क्रोमकास्टला ब्राउझर नाही, तेव्हा ते आडनाव तरी कुठे टाकणार?

या सगळ्यावर माझ्या मते एकच धड उपाय आहे : हॉटेलचं वायफाय घेऊन त्यातून आपलं वेगळं वायफाय तयार करणारा, तळहातावर मावणारा प्रवासी राउटर. बॅगेत तो, त्याचा चार्जर आणि दोन मीटर इथरनेट केबल एवढंच ठेवायचं. खोलीत पोचल्यावर राउटर सुरू करून लॅपटॉप त्याच्या वायफायला जोडा. राउटरच्या पानावर जाऊन 'रिपीटर' निवडा, हॉटेलचं नेटवर्क शोधा, जोडा. मग लॅपटॉपवरूनच नेव्हरएसएसएल उघडा. लॉगिनचं पान येईल, एकदा आडनाव टाका. हॉटेलला एकच यंत्र दिसतं, मागे आपली आठ चालोत. 'जलद इंटरनेट' दर यंत्रामागे विकत असतील तर तेही एकदाच घ्यावं लागतं. राउटरला घरच्याच वायफायचं नाव आणि पासवर्ड दिला, तर बाकीची मंडळी न सांगता जोडली जातात.

अडतं ते तीन ठिकाणी. राउटरमधला व्हीपीएन लॉगिनआधी चालू राहिलेला असतो. किंवा 'डीएनएस रीबाइंडिंग प्रोटेक्शन' चालू असतं आणि ते हॉटेलचं पान संशयास्पद म्हणून गिळून टाकतं. लॉगिनपुरतं बंद करा. किंवा हॉटेल आणि राउटर दोघंही १९२.१६८.८ या एकाच मालिकेत पत्ते वाटत असतात; राउटरची मालिका १९२.१६८.७७ वगैरे करून टाका. भिंतीवर जिवंत इथरनेट सॉकेट सापडला तर केबल लावा. एकाच लहरी-पट्ट्यात वायफायचा सिग्नल घेऊन पुन्हा फेकताना वेग निम्मा होतो, ते नुकसान टळतं. सॉकेट मृत निघाला म्हणून टीव्हीमागची केबल उपटू नका, त्यावर बरंच काही चालत असतं.

स्वतःचा मोबाइल हॉटस्पॉट लावायलाही हरकत नाही, आणि ती हरकत घेणाऱ्यांना महाग पडलेलं आहे. नॅशव्हिलमधल्या एका अधिवेशनी हॉटेलात लोकांचे हॉटस्पॉट तोडून पाडल्याबद्दल मॅरियटला २०१४ मध्ये सहा लाख डॉलरचा दंड झाला. तिथे प्रदर्शनवाल्यांना हॉटेलचं वायफाय एका यंत्रामागे २५० ते १,००० डॉलरला विकलं जात होतं. या दरांपुढे रिसॉर्ट फी स्वस्त वाटू लागते, हाच तिचा धोका.

सुरक्षेचं म्हणाल, तर याच गावात दर उन्हाळ्यात डेफकॉन ही हॅकरांची जत्रा भरते आणि असुरक्षित लॉगिन करणाऱ्यांची नावं तिथे 'वॉल ऑफ शीप' या भिंतीवर झळकतात. पण कॅसिनोवाल्यांनाही हसायचा अधिकार राहिलेला नाही. उत्तर अमेरिकेतल्या एका कॅसिनोत चोर शिरले ते मत्स्यालयातल्या इंटरनेट-जोडलेल्या थर्मामीटरमधून, आणि त्यांनी दहा जीबी माहिती फिनलंडला पाठवली. आपली पाच एमबीची फाइल अर्धा तास फिरत असते. माशांच्या टाकीचा अपलोड बघा! सप्टेंबर २०२३ मध्ये एमजीएम या कॅसिनो-हॉटेल कंपनीवर सायबर हल्ला झाला तेव्हा डिजिटल चाव्या चालेनात, मशीन्स बंद पडली, जिंकलेले पैसे हाताने लिहून द्यावे लागले. दहाएक दिवस हॉटेलने पाहुण्याचं आयुष्य जगून पाहिलं. कंपनीच्या हिशेबी फटका सुमारे दहा कोटी डॉलरचा. हल्लेखोरांनी कर्मचारी असल्याची बतावणी करून हेल्प डेस्कला फोन केला होता, असं सांगतात. बतावणीचं सोडा, त्यांचा फोन लागला कसा?

निघायच्या दिवशी सकाळी विमानाचा बोर्डिंग पास, टॅक्सीची नोंद आणि पाठवायच्या फाइली हे सगळं आधी उरकून घ्या. चेक-आउट सहसा अकराला असतं, पण ॲपवर किंवा टीव्हीवर 'एक्सप्रेस चेक-आउट' दाबलंत की आरक्षण-प्रणाली गेटवेला कळवते आणि लॉगिन तिथल्या तिथे रद्द होऊ शकतं. मुक्कामभर एक पान उघडायला चाळीस सेकंद घेणारी ही यंत्रणा हे काम बटणावरचं बोट उचलायच्या आत करते.