पर्स विकायची आहे? आधी कलादालन बांधा

पर्स विकून तुम्ही अब्जाधीश झाला असाल, तर अभिनंदन. आता एकच अडचण उरली: लोक तुम्हाला अजून दुकानदारच समजतात. दुकान मोठं करून हे जाणार नाही. कलेचं फाउंडेशन काढा.

जागा शक्यतो बंद पडलेल्या कारखान्याची घ्या. कामगार गेले की भिंतींना आपोआप कलात्मक पोत येतो. प्रादा या फॅशन कंपनीने मिलानमध्ये 1910च्या सुमारास उभारलेला जिन या दारूचा कारखाना घेतला आणि वास्तुविशारद रेम कूलहास यांच्या ओएमए या फर्मकडून 2015 साली त्याचं कलासंकुल करून घेतलं. त्यातल्या एका जुन्या घराला बाहेरून 24 कॅरेट सोन्याचा वर्ख लावला आहे. आपण काजूकतलीवरच थांबलो. शिवाय कूलहास यांच्या मते हा वर्ख संगमरवरापेक्षा स्वस्त पडतो. हे पाठच करून ठेवा, तुमच्या सीएसमोर कामाला येईल.

त्याच वर्षी, त्याच शहरात फॅशन डिझायनर अर्मानींनीही धान्याचं जुनं कोठार घेतलं, पण आत मांडले काय, तर स्वतःचेच कपडे! इतका प्रामाणिकपणा तुम्हाला झेपणार नाही. तुम्ही समकालीन कला मांडा. जितकी कमी कळेल तितकी पर्स महाग वाटते.

शेजाऱ्यांना घाबरू नका. पॅरिसच्या ब्वा द बुलोन्य या सार्वजनिक उद्यानात लुई व्हिताँचं फाउंडेशन उभं राहत होतं, तेव्हा स्थानिक मंडळी कोर्टात गेली आणि 2011 साली बांधकाम परवाना रद्द झाला. मग फ्रेंच संसदेने कायद्यातच सोय करून दिली. (आपल्याकडे अनधिकृत मजला नियमित करून घेण्यात पिढी जाते.) 2014 साली वास्तुविशारद फ्रँक गेरींची काचेच्या 12 शिडांची इमारत दिमाखात उघडली. फ्रान्समध्ये कंपन्यांना अशा देणगीच्या 60 टक्क्यांपर्यंत करसवलत मिळू शकते. पाटीवर मात्र नाव शंभर टक्के आपलंच. जागेचा 55 वर्षांचा करार संपला की इमारत शहराच्या मालकीची होणार, म्हणजे तोवर गळू लागलेली काच कोणी बदलायची तेही ठरलेलं.

इमारतीला मात्र पर्सचा आकार देऊ नका. शनेलने वास्तुविशारद झाहा हदीद यांच्याकडून आपल्या शिवणीदार पर्सवरून बेतलेला फिरता मंडप करून घेतला. हाँगकाँग, टोकियो करत तो ऑक्टोबर 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पोचला. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडून जागतिक मंदी सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. पुढचे मुक्काम रद्द झाले आणि पुढे हा मंडप भेट म्हणून पॅरिसच्या अरब संस्कृती संस्थेच्या अंगणात जाऊन बसला. तेव्हा बांधकामाच्या अंदाजपत्रकात एक ओळ आधीच घालून ठेवा: मंदी आल्यास हे सगळं कोणाला भेट म्हणून देऊन टाकायचं.