मॉरिशसचा बंगला आणि खाडा पडलेले मजूर

मन्या मॉरिशसला हनिमून करून आला आणि काल कट्ट्यावर सगळ्यांना मोबाईल दाखवत बसला. बीच झाले, मग एक बंगला आला, शातो द लाबुर्दोने, 1859 चा, उसाच्या मळेवाल्याचा. दुमजली, गोल खांबांचे व्हरांडे, समोर झाडांची लांबच लांब रांग. म्हणे, "नीट रिस्टोअर करून 2010 ला लोकांना उघडला, नाहीतर आपले वाडे, बिल्डर येईपर्यंत नुसते पडायची वाट बघतात." पश्या बांधकामवाला, तो लगेच त्याच्या बाजूने, असलं काम आता कोण करतंय, मालक कसा होता ते भिंतींना काय विचारायचं.

बंड्या गुहागरचा, तो भडकलाच. "अरे 1835 ला गुलामी बंद झाली, मग ऊस तोडायला कलकत्ता, मद्रास, मुंबईहून माणसं भरून नेली, 1920 पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास, त्यात आपले रत्नागिरीकडचेपण. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, आणि एक दिवस खाडा पडला की दोन दिवसांचा पगार कट! तुझ्या फोटोत रमचे ग्लास आहेत, मजुरांची खोली कुठाय?"

मन्या म्हणाला, गवत-मातीच्या झोपड्या त्या, दीडशे वर्षं कशा टिकतील. पटण्यासारखं होतं खरं तर, पण मग मी म्हटलं तिथल्या राजधानीतला, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे मजूर उतरवायचा डेपो, तर दगडी होता ना, 1849 नंतरची बहुतेक माणसं त्याच सोळा पायऱ्या चढून वर आली, 2006 ला युनेस्कोच्या यादीत गेला, तरी 1865 ला जेवढा डेपो होता त्यातला आज निम्माही उरलेला नाही.

पश्या म्हणे, "मग काय बंगला पाडायचा?"

मी म्हटलं, "पाडा कोण म्हणतंय! मजुरांची रजिस्टरं आहेत की तिथेच मोका गावात, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये, नंबर, गाव, उंची, अंगावरची खूण, नंतरच्यांचे तर फोटोपण. त्या मळ्यावर कोण कोण राबलं ती नावं काढा आणि लावा व्हरांड्यात, आल्या आल्या दिसतील अशी. एवढा खर्च केला त्यात हे काय जड आहे?"

यावर पश्यालाही पटकन काही सुचेना. मन्याने मोबाईल खिशात टाकला, "पुढच्या वेळी तूच जा रे बाबा, मी बायकोला घेऊन गेलो होतो, रजिस्टर बघायला नाही."